रोगामागची कारणे, कारणांमागची कारणे

बारावीचे निकाल लागले की दरवर्षी काही विद्यार्थी हिरमुसलेल्या चेहऱ्याने शिक्षकांकडे येतात. आरोग्याच्या क्षेत्रात काम करायचे मनात असते. पण वैद्यकीय प्रवेशाला थोडे गुण कमी पडलेले असतात. ‘आता आरोग्याचा नाद सोडावा लागणार,’ असे ते धरूनच चालतात. आरोग्य म्हणजे डॉक्टर, डॉक्टर म्हणजे दवाखाना, हे समीकरण आपल्या मनात पक्के बसले आहे. प्रत्यक्षात विज्ञान, गणित, अर्थशास्त्र, समाजशास्त्र यांपैकी कोणत्याही वाटेने पदवीपर्यंत गेलेल्या विद्यार्थ्याला पुढे खुला होणारा एक अभ्यास आहे. त्याचे एक टोक सार्वजनिक आरोग्यात आणि दुसरे सामाजिक धोरणात आहे. जगातील अनेक विद्यापीठांत तो पदव्युत्तर पातळीवर शिकवला जातो. त्यात नेमके काय शिकतात, हे अभ्यासक्रमाच्या पुस्तिकेपेक्षा त्या विषयात विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांवरून अधिक चांगले कळते. असे चार प्रश्न आपण पाहू.

पहिला प्रश्न : हा माणूस आजारी का पडला, की ही वस्ती आजारी का पडली?

डॉक्टरांसमोर एका वेळी एक रोगी असतो. सार्वजनिक आरोग्याच्या अभ्यासकासमोर वस्ती असते. या फरकाचे उत्तम उदाहरण लंडनमध्ये १८५४ साली घडले. त्या वर्षीच्या पटकीच्या साथीत डॉ. जॉन स्नो यांनी ब्रॉड स्ट्रीटवरील हातपंपाचा दांडा काढायला लावला, ही गोष्ट अनेक पाठ्यपुस्तकांत असते. पण स्नो यांचे त्याहून भक्कम काम थेम्स नदीच्या दक्षिणेकडील वस्त्यांत झाले.

त्या भागात दोन खाजगी कंपन्या नळाने पाणी पुरवत. साउथवर्क अँड व्हॉक्सॉल ही कंपनी शहराच्या मैलापाण्याने दूषित झालेल्या भागातून पाणी उचलत असे. लॅम्बेथ कंपनीने १८५२ साली आपली पाणी उचलण्याची जागा नदीच्या वरच्या अंगाला, थेम्स डिटन येथे हलवली होती. विशेष म्हणजे दोन्ही कंपन्यांचे नळ अनेक ठिकाणी एकाच रस्त्यावरून गेले होते. शेजारी शेजारी असलेल्या दोन घरांत दोन वेगळ्या कंपन्यांचे पाणी येई. रस्ता तोच, हवा तीच, माणसेही साधारण सारख्याच परिस्थितीतली. फरक फक्त पाण्याचा! प्रयोगशाळेत आम्ही जी मांडणी मुद्दाम करतो, म्हणजे एक घटक बदलायचा आणि बाकीचे सारखे ठेवायचे, ती येथे आपोआप तयार झाली होती.

पण कोणत्या घरात कोणाचे पाणी येते, हे भाडेकरूंना पुष्कळदा ठाऊक नसे. स्नो यांनी त्यावर काढलेला उपाय रसायनशास्त्राच्या शिक्षकांना आवडेल. समुद्राच्या भरतीचा परिणाम खालच्या अंगाच्या पाण्यावर होत असल्याने त्यात मीठ बरेच जास्त होते. पाण्याच्या नमुन्यात सिल्व्हर नायट्रेट टाकले की पांढरा साका किती बसतो, यावरून कंपनी ओळखता येई. शाळेच्या प्रयोगशाळेत आपण क्लोराइडसाठी करतो तीच ही परीक्षा.

साथीच्या पहिल्या सात आठवड्यांचे आकडे असे होते. साउथवर्क अँड व्हॉक्सॉलचे पाणी असलेली घरे ४०,०४६, मृत्यू १,२६३. लॅम्बेथचे पाणी असलेली घरे २६,१०७, मृत्यू ९८. नुसते १,२६३ आणि ९८ हे आकडे शेजारी ठेवून चालणार नाही, कारण घरांची संख्या वेगळी आहे. दर दहा हजार घरांमागे मृत्यू काढले, तर पहिल्या कंपनीसाठी ३१५ आणि दुसरीसाठी सुमारे ३७ येतात. म्हणजे आठपटींहून अधिक फरक. आठवीच्या विद्यार्थ्याला जमेल असा हा भागाकार आहे. पण छेद कोणता घ्यायचा हे सुचणे, येथेच साथरोगशास्त्र सुरू होते.

स्नो यांना पटकीचा जंतू माहीत नव्हता. रॉबर्ट कॉख यांनी तो १८८३-८४ मध्ये दाखवून दिला. तरीही रोग कोणत्या वाटेने येतो आणि ती वाट कोठे अडवायची, हे त्याआधी तीस वर्षे कळू शकले होते.

आता सामाजिक धोरणाचा भाग पाहा. थेम्समधून घेतले जाणारे लंडनचे पाणी टेडिंग्टनच्या बंधाऱ्याच्या वरूनच, म्हणजे भरतीचे पाणी जेथपर्यंत पोचते त्याच्या वरून उचलावे, असा कायदा १८५२ सालीच झाला होता आणि कंपन्यांना १८५५ पर्यंतची मुदत दिली होती. लॅम्बेथने मुदतीची वाट पाहिली नाही, दुसरीने पाहिली. १८५४ ची साथ नेमकी या मधल्या काळात आली. म्हणजे कायदा होता, पण अंमल यायचा होता आणि त्या मुदतीची किंमत एका कंपनीच्या ग्राहकांनी प्राणांनी मोजली. हा कायदा जंतूंच्या भीतीने झालेला नव्हता. घाण आणि दुर्गंधी यांविरुद्धच्या लोकमताचा त्यात मोठा वाटा होता. पुरावा आणि धोरण हे असे एका चालीने चालत नाहीत. कधी धोरण पुढे असते, पुष्कळदा पुरावा पुढे आणि धोरण मागे राहते. ही चाल का बिघडते, हा अभ्यासाचाच विषय आहे.

दुसरा प्रश्न : हा आकडा काय सांगतो आणि काय लपवतो?

एडविन चॅडविक यांनी १८४२ साली ब्रिटनमधील कष्टकऱ्यांच्या आरोग्यस्थितीवर एक अहवाल प्रसिद्ध केला. त्यात मृत्यूसमयीच्या सरासरी वयाचे आकडे आहेत. मँचेस्टर या गिरण्यांच्या शहरात ते सुशिक्षित व्यावसायिक आणि धनिक कुटुंबांत ३८, व्यापाऱ्यांत २० आणि मजुरांत १७ होते. रटलंड या ग्रामीण परगण्यात हेच आकडे अनुक्रमे ५२, ४१ आणि ३८ होते. खेड्यातल्या मजुराचा आकडा शहरातल्या धनिकाएवढा! या अहवालाने मोठी खळबळ उडाली आणि पुढे १८४८ च्या सार्वजनिक आरोग्य कायद्याकडे जाणारी वाट तयार झाली.

पण ‘१७’ याचा अर्थ मँचेस्टरचे मजूर सतराव्या वर्षी मरत होते, असा होतो का? मुळीच नाही. समजा पाच मृत्यू झाले आणि त्या वेळची वये ०, १, २, ६० आणि ६७ होती. बेरीज १३०, सरासरी २६. या पाचांत सव्विसाव्या वर्षाच्या आसपास कोणीही मेलेले नाही. तान्ह्या मुलांचे मृत्यू सरासरीला खाली ओढतात. शिवाय ज्या शहरात तरुण कुटुंबे आणि लहान मुले अधिक, तेथे मृत्यूही लहान वयाचे अधिक दिसणार. म्हणून मृत्यूसमयीचे सरासरी वय हे दोन ठिकाणांच्या तुलनेसाठी कच्चे माप ठरते. चॅडविक यांच्या काळातच या मापावर आक्षेप घेतले गेले. त्यांचा निष्कर्ष ढोबळमानाने बरोबर होता. माप मात्र लंगडे होते. या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, हे ओळखण्याची सवय या अभ्यासात लागते.

आपल्या देशातले उदाहरण घेऊ. नमुना नोंदणी पाहणीनुसार २०२० साली दर हजार लोकसंख्येमागे मृत्यू भारतात ६ होते, तर केरळात ७. मग केरळचे आरोग्य देशाहून वाईट म्हणायचे का? त्याच पाहणीत दर हजार जिवंत जन्मांमागे एक वर्षाच्या आत दगावणारी बालके देशात २८ आणि केरळात ६ होती. हे दोन आकडे एकमेकांशी भांडतात असे वाटते. उत्तर वयोरचनेत आहे. केरळात जन्मदर लवकर घटला, माणसे अधिक जगू लागली, म्हणून लोकसंख्येत वृद्धांचे प्रमाण वाढले. वृद्ध जेथे अधिक तेथे मृत्यूही अधिक नोंदले जाणार. तुलना करायची तर प्रत्येक वयोगटाचा मृत्युदर वेगळा काढून तो एका समान वयोरचनेला लावून पाहावा लागतो. या रीतीला प्रमाणीकरण म्हणतात. पदव्युत्तर वर्गात पहिल्या काही आठवड्यांतच ती शिकवली जाते आणि पुढे वर्षभर उपयोगी पडते.

तिसरा प्रश्न : सवयी वाईट म्हणून आजार, एवढेच का?

हृदयविकार म्हटले की धूम्रपान, रक्तदाब, कोलेस्टेरॉल ही नावे लगेच पुढे येतात आणि ती योग्यच आहेत. लंडनमध्ये सरकारी कचेऱ्यांतील सुमारे साडेसतरा हजार पुरुष कर्मचाऱ्यांची पाहणी १९६७ मध्ये सुरू झाली. कचेऱ्यांच्या रस्त्यावरून ती व्हाइटहॉल पाहणी म्हणून ओळखली जाते. हे सारे नोकरदार, टेबलावर काम करणारे, उपाशी कोणी नाही. १९४८ पासून ब्रिटनमध्ये राष्ट्रीय आरोग्य सेवा असल्याने डॉक्टरांकडे जायला पैसे लागतात असेही नाही. तरीही वयातील फरक हिशेबात घेतल्यावर दहा वर्षांत सर्वांत खालच्या श्रेणीतील मृत्युदर सर्वांत वरच्या श्रेणीच्या सुमारे तिप्पट आढळला.

याहून लक्ष देण्याजोगी गोष्ट पुढेच आहे. हा फरक ‘वरचे’ आणि ‘खालचे’ अशा दोन गटांतला नव्हता. तो जिन्यासारखा होता. प्रत्येक पायरीवरच्या माणसाची स्थिती त्याच्या वरच्या पायरीपेक्षा थोडी वाईट. धूम्रपान, रक्तदाब, कोलेस्टेरॉल वगैरे घटकांचा हिशेब केल्यावर हृदयविकाराच्या मृत्यूंतील या फरकाचा सुमारे एक-तृतीयांश भागच उलगडला. मग उरलेला कोठून आला? १९८५ मध्ये स्त्रियांनाही सामील करून दुसरी व्हाइटहॉल पाहणी सुरू झाली. आपले काम केव्हा आणि कसे करायचे यावर माणसाचे स्वतःचे नियंत्रण किती, हा एक महत्त्वाचा घटक तीत पुढे आला. या पाहण्यांशी दीर्घकाळ निगडित असलेले मायकेल मार्मट पुढे जागतिक आरोग्य संघटनेच्या, आरोग्याच्या सामाजिक कारणांवरील आयोगाचे अध्यक्ष झाले. त्या आयोगाचा अहवाल २००८ साली आला.

‘सिगारेट सोडा’ हा सल्ला येथे चुकीचा ठरत नाही. पण एक नवा प्रश्न उभा राहतो: खालच्या पायरीवर सिगारेट अधिक का ओढली जाते आणि सोडणे तेथे अधिक अवघड का जाते? रोगाचे कारण धूर हे खरे. धुरामागचे कारण कामाच्या ठिकाणी, घरात, पगारात आणि शिक्षणात शोधावे लागते. त्यावरचा उपाय एकटा डॉक्टर लिहून देऊ शकत नाही. तो घरबांधणी, कामगार कायदे, शाळा आणि करआकारणी यांतून येतो. सार्वजनिक आरोग्य आणि सामाजिक धोरण एकत्र शिकवण्याचे कारण हेच आहे.

चौथा प्रश्न : कोणाला द्यायचे आणि कोणी ठरवायचे?

ब्रिटनमध्ये १९४२ साली विल्यम बेव्हरिज यांनी गरिबी, रोग, अज्ञान, गलिच्छपणा आणि बेकारी हे समाजाचे पाच मोठे शत्रू मोजले आणि त्यांच्याशी एकत्रच लढावे लागेल असे मांडले. १९५० मध्ये रिचर्ड टिटमस लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये या विषयाचे प्राध्यापक झाले. स्वतःची विद्यापीठाची पदवी नसलेल्या या माणसाने सामाजिक धोरण हा विषय विद्यापीठात प्रतिष्ठित केला, ही एक मौजेची गोष्ट! १९७१ साली वेल्समधील खाणकामगारांच्या वस्तीत काम करणारे डॉक्टर ज्युलियन ट्यूडर हार्ट यांनी एक नियम मांडला. चांगली वैद्यकीय सेवा जेथे सर्वांत जास्त हवी असते तेथे ती सर्वांत कमी मिळते आणि सेवा बाजारावर सोपवली की हे व्यस्त प्रमाण वाढते. आपल्या तालुक्यातील तज्ज्ञ डॉक्टर कोठे आहेत आणि माता-बालमृत्यू कोठे होतात, हे नकाशावर मांडून पाहिले तर हा नियम तपासता येईल.

धोरणात एक पेच वारंवार येतो. मदत फक्त गरिबांना द्यावी की सर्वांना? समजा एका गावात १०० कुटुंबे आहेत, त्यांपैकी ३० खरोखर गरीब. पाहणी करून ३० कार्डे वाटली. पण त्यांतील १० चुकीच्या घरांत गेली. मग २० गरीब कुटुंबांना लाभ मिळाला, १० गरीब सुटली आणि १० सुस्थितीतील आत शिरली. यांत दोन वेगळ्या चुका आहेत. एकीने सरकारचे पैसे वाया जातात, दुसरीने एखादे मूल उपाशी राहते. दोन्ही चुकांना सारखेच वजन द्यावे का? सर्वांना लाभ दिला तर दुसरी चूक जवळजवळ नाहीशी होते, पण खर्च वाढतो. १९९७ साली आपल्याकडे रेशनव्यवस्थेत दारिद्र्यरेषेच्या खालचे आणि वरचे असा भेद आला, तेव्हा हाच पेच देशभर उभा राहिला. गणित पर्याय मांडून दाखवते. निवड मात्र मूल्यांवर ठरते. विद्यार्थ्याला दोन्ही वेगळे ओळखता यावेत, ही या अभ्यासाची अपेक्षा असते.

चारही प्रश्न एकत्र : गडचिरोली

आपल्याच राज्यात हे चारही धागे एका कामात गुंफलेले सापडतात. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी वैद्यकीय शिक्षणानंतर अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याची पदव्युत्तर पदवी घेतली आणि ‘सर्च’ या संस्थेमार्फत गडचिरोली जिल्ह्यात काम उभे केले. जन्मानंतरच्या पहिल्या २८ दिवसांत दगावणारी बालके हा तेथील मोठा प्रश्न होता. त्या काळी बहुतेक बाळंतपणे घरीच होत आणि आजारी नवजात बाळाला रुग्णालयात नेणे बहुतेकांच्या आवाक्याबाहेर होते.

१९९५ पासून ३९ गावांत गावातल्याच स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून प्रशिक्षण देण्यात आले. बाळाचे वजन करणे, त्याला ऊब देणे, श्वास घेत नसेल तर मदत करणे, स्तनपानाला साहाय्य करणे आणि जंतुदोषाची लक्षणे ओळखून प्रतिजैविक देणे, ही कामे त्या करू लागल्या. तुलनेसाठी ४७ गावांत फक्त नोंदी ठेवल्या. तिसऱ्या वर्षी दर हजार जिवंत जन्मांमागे नवजात मृत्यू तुलनेच्या गावांत सुमारे ६०, तर आरोग्यदूतांच्या गावांत सुमारे २५ होते. सुरुवातीला दोन्हीकडचे दर साठाच्या आसपासच होते. १९९९ साली हे निष्कर्ष ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले.

चिकित्सक विद्यार्थी येथे विचारील : गावे चिठ्ठ्या टाकून निवडली होती का? नव्हती. मग फरक उपायामुळेच पडला हे कशावरून? सुरुवातीचे दर सारखे होते, तुलनेच्या गावांत घट झाली नाही आणि ज्या कारणांवर उपाय केला तेच मृत्यू कमी झाले, हे पाहून उत्तर द्यावे लागते. असे प्रश्न विचारणे म्हणजे कामाचा अनादर करणे नव्हे. कामाची मजबुती त्यातूनच कळते.

पुढे २०११ मध्ये केंद्र सरकारने ‘आशां’मार्फत घरोघरी नवजात बाळाची काळजी हा कार्यक्रम देशासाठी स्वीकारला. बाळाच्या पहिल्या ४२ दिवसांत रुग्णालयातील जन्मासाठी सहा आणि घरच्या जन्मासाठी सात गृहभेटी ठरल्या. या सर्व भेटींचा मोबदला मिळून २५० रुपये धरला गेला. पुराव्यापासून धोरणापर्यंत बारा वर्षे गेली आणि त्यानंतरचे प्रश्न धोरणाचे आहेत : ३९ गावांतील देखरेख लाखो गावांत कशी ठेवायची, आशांना स्वयंसेविका समजायचे की कर्मचारी, त्यांना किती मोबदला द्यायचा? बाळाचे प्राण या उत्तरांवरही अवलंबून असतात.

प्रत्यक्ष अभ्यास

पदव्युत्तर अभ्यासक्रमात साधारणपणे साथरोगशास्त्र, जैवसांख्यिकी, आरोग्याचे अर्थशास्त्र, आरोग्यव्यवस्था व धोरण, समाजशास्त्रीय पाहणीच्या पद्धती आणि नीतिशास्त्र हे विषय असतात. शेवटी प्रबंध असतो. ब्रिटनमध्ये असा अभ्यास बहुधा एक वर्षाचा, भारतात बहुधा दोन वर्षांचा. लंडनची हायजिन अँड ट्रॉपिकल मेडिसिन ही संस्था १८९९ ची. आपल्याकडे कोलकात्याची अखिल भारतीय आरोग्य संस्था १९३२ पासून, मुंबईची टाटा समाजविज्ञान संस्था १९३६ पासून आहे. तिरुवनंतपुरमच्या अच्युत मेनन केंद्रात हा पदव्युत्तर अभ्यासक्रम १९९७ मध्ये सुरू झाला. अनेक ठिकाणी वैद्यकीय नसलेल्या पदवीधरांनाही प्रवेश असतो. पात्रता प्रत्येक संस्थेची वेगळी, ती अर्ज करताना तपासावी.

विद्यार्थ्याला दुसरी बाजूही सांगायला हवी. सरकारी यंत्रणेत वैद्यकीय पदवी नसलेल्यांसाठी जागा मर्यादित राहिल्या आहेत. सार्वजनिक आरोग्यासाठी राज्यांनी स्वतंत्र सेवावर्ग उभारावा, असे २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने म्हटले, पण राज्यांची गती सारखी नाही. परदेशातील शुल्कही मोठे असते. आधी एखाद्या आरोग्य प्रकल्पात वर्ष-दोन वर्षे काम करून मग हा अभ्यास घेतला, तर वर्गातले सिद्धांत अधिक कळतात आणि आपल्याला हे काम मानवते का, तेही कळते.

वर्गात करण्याजोगे

शाळेच्या हजेरीपटावरून जून ते सप्टेंबर या महिन्यांतील आजारपणाच्या गैरहजेरीचे दिवस मुलांना वाडीनिहाय मोजायला सांगा. नावे उतरवू नयेत, फक्त संख्या. प्रत्येक वाडीतील पटसंख्येने भागून दर काढा. गावाचा साधा नकाशा काढून त्यावर हे दर आणि पिण्याच्या पाण्याचे उगम मांडा. एखादी वाडी वेगळी दिसली तर घाईने निष्कर्ष काढू नका. त्या वाडीत मुले पाच आणि दुसरीत पन्नास असतील, तर एका मुलाच्या तापाने पहिलीचा दर उसळी घेईल. आणखी कोणती माहिती मिळाली तर शंका फिटेल, याची यादी मुलांनाच करू द्या. आणि शेवटी विचारा : पाण्याचा दोष नक्की निघाला, तर ते बदलण्याचा निर्णय कोण घेते, त्याला पैसे कोठून येतात आणि ग्रामसभेत हा विषय कोणी मांडायचा?

हिरमुसून आलेला विद्यार्थी या यादीत रमला, तर पुढची वाट त्याला दाखवायला हरकत नाही.